विश्रामबागवाडा : लाकडी चौकटीच्या वास्तूचे जतन आणि तिचा सार्वजनिक वापर

प्रास्ताविक

पुण्यातील थोरल्या बाजीराव रस्त्यावर, तुळशीबागेच्या गजबजाटापासून अगदी जवळ उभा असलेला विश्रामबागवाडा हा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बांधविलेला वाडा म्हणून सर्वांना परिचित आहे. रस्त्याकडील नक्षीदार सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले त्याचे कोरीव खांब यांची छायाचित्रे पुण्यावरील बहुतेक पुस्तकांत आढळतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून पुणे महानगरपालिकेने या वाड्याच्या जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले. ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शनही येथेच मांडण्यात आले. या कामाविषयी आजवर जे लेखन झाले त्याचा सूर बहुधा एकच दिसतो. पेशवाईतील एक देखणी वास्तू काळाच्या तडाख्यातून वाचली आणि तिला तिचे मूळ वैभव परत मिळाले, असा तो सूर आहे.

प्रस्तुत निबंधाचा रोख ‘मूळ वैभव’ या शब्दांवर आहे. विश्रामबागवाडा १८०७ मध्ये बांधून झाला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. याचा अर्थ असा की पेशव्यांचे निवासस्थान म्हणून या वाड्याचे आयुष्य सुमारे अकरा वर्षांचे भरते. उरलेल्या दोन शतकांत तो पाठशाळा होता, महाविद्यालय होता, जळालेली वास्तू होता, नगरपालिकेची कचेरी होता, ग्रंथालय होता आणि टपाल कार्यालयही होता. अकरा वर्षांना मूळ म्हणावयाचे आणि दोनशे वर्षांना भेसळ समजून खरवडून काढावयाचे, हा हिशेब इतिहासाच्या अभ्यासकाला सहजी पटण्यासारखा नाही. तरीही वाड्यांच्या जतनाचा प्रश्न निघाला की लोकांच्या, आणि पुष्कळदा वास्तुविशारदांच्याही मनात हाच हिशेब असतो. तो का असतो आणि लाकडी बांधणीच्या वास्तूंबाबत तो विशेषच चुकीचा का ठरतो, हे येथे पाहावयाचे आहे.

वाड्याची बांधणी : खणांची चौकट

पेशवेकालीन वाडा भिंतींवर उभा नसतो, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. दगडी जोत्यावर ठराविक अंतराने दगडी तळखडे बसवितात, त्यांवर सागवानी खांब उभे करतात, खांबांच्या माथ्यावर हस्त आणि हस्तांवर तुळया येतात. तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट घालून वरच्या मजल्याची जमीन तयार होते, तिलाच आपण कडीपाट म्हणतो. छपराचा भार आढे, वासे आणि तुळया यांच्यामार्फत खांबांवर येतो व खांबांतून जोत्यात उतरतो. बाहेरच्या भिंती जाडजूड असल्या, त्यांत खाली घडीव दगड आणि वर वीटकाम असले, तरी आतील रचना मुख्यतः या लाकडी चौकटीवर तोललेली असते. सांधे कूस आणि खोबण यांचे असतात. लोखंडी खिळ्यांपेक्षा लाकडाच्या पाचरीवर सुतारांचा विश्वास अधिक होता.

दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात. घर किती मोठे, याचे उत्तर जुने लोक चौरस फुटांत देत नसत. पाच खणांचे किंवा सात खणांचे घर, असे ते सांगत. भाषेतील ही सवय बांधणीतूनच आलेली आहे. खण हेच या वास्तुकलेचे एकक होते. खणाला खण जोडून सोपा होतो, सोप्यांनी चौक बांधला जातो, चौकाला चौक जोडून वाडा वाढतो. विश्रामबागवाड्यात असे तीन चौक आहेत. दर्शनी भागात वरच्या मजल्यावर दिवाणखाना आहे. हस्तांवर केळफुलाची नक्षी आणि खांबांच्या मधोमध महिरपी, हा थाट उत्तर पेशवाईच्या अभिरुचीला साजेसाच आहे. या वाड्याच्या बांधकामास सुमारे दोन लक्ष रुपये खर्च आल्याचे सांगितले जाते. थोरल्या बाजीरावांच्या शनिवारवाड्याचा प्रारंभीचा खर्च सोळा हजार एकशे दहा रुपये होता. दोन्ही आकड्यांत जवळजवळ पाऊणशे वर्षांचे अंतर असल्याने ही तुलना ताणण्यात अर्थ नाही, पण राज्याचे बळ ओसरत असताना नक्षीवरील खर्च मात्र वाढत होता, हे त्यावरून दिसते.

या बांधणीचा एक परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. भार चौकटीवर असल्याने खणांमधील आडभिंती आणि फळ्यांच्या तावदान्या काढता येतात, नव्या घालता येतात, आणि वास्तूला धक्का लागत नाही. ज्या सोप्यात पेशव्यांचे मानकरी बसत, त्याच सोप्यात सतरंजी अंथरली की वर्ग भरतो, फळ्यांची भिंत घातली की कारकुनाची खोली होते, फळ्या काढल्या की प्रदर्शनाचे दालन तयार होते. दगडी भिंतींच्या वास्तूत हे इतके सहज घडत नाही. विश्रामबागवाड्याचे उपयोग इतक्या वेळा बदलले आणि तरी वाडा टिकला, याचे श्रेय कोणा एका दूरदृष्टीच्या माणसापेक्षा या खणांच्या चौकटीला अधिक द्यावे लागेल.

पेशव्यांचा वाडा, शास्त्र्यांची पाठशाळा

दुसऱ्या बाजीरावांना शनिवारवाड्यात राहणे रुचत नसे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्या वाड्यात नारायणरावांचा खून झाला होता आणि १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंतही तेथेच झाला होता. पुण्यात निरनिराळ्या पेठांत त्यांनी वाडे उभारले अथवा वापरले. शुक्रवारवाडा, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा ही त्यांतील ठळक नावे होत. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या हाती गेले. बाजीराव १८१८ च्या जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाले आणि आठ लाखांच्या वार्षिक तनख्यावर ब्रह्मावर्तास गेले. ते २८ जानेवारी १८५१ रोजी तेथेच वारले. विश्रामबागवाडा त्यांना पुन्हा दिसला नाही.

रिकाम्या झालेल्या या वाड्यात ६ ऑक्टोबर १८२१ रोजी हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे त्याला पाठबळ होते. पैसा पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेतून उभा राहिला. राज्य गेले तरी विद्येला आश्रय राहील, असा दिलासा पुण्याच्या ब्रह्मवृंदाला देण्याचा हेतू त्यामागे होता. एल्फिन्स्टनची ही मुत्सद्देगिरी होती, पण निव्वळ मुत्सद्देगिरी नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे विद्वान या पाठशाळेतून बाहेर पडले आणि त्यांच्या पिढीने पुढे मराठी गद्याला वळण लावले. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर कँडी यांच्याकडे या विद्यालयाची देखरेख अनेक वर्षे होती. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या दगडी इमारतीत गेले.

‘सार्वजनिक’ हा शब्द येथे जरा जपून वापरला पाहिजे. पाठशाळा सरकारी पैशावर चाले, परंतु प्रारंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. पेशव्यांच्या खाजगी मालकीतून वाडा बाहेर आला, एवढ्यानेच तो सर्वांचा झाला नाही. तो सर्वांचा होण्याची प्रक्रिया हळूहळू आणि पुष्कळ वादविवादांतून घडली. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा, या १८४९ च्या सुमाराच्या मागणीवरून पुण्यात उठलेले वादळ हा त्याच प्रक्रियेचा एक टप्पा होय. या वादात सुधारकांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले होते.

आणि त्यानंतर थोड्याच काळाने, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल जोतीराव फुले यांचा सरकारच्या वतीने जाहीर सत्कार झाला, तो याच विश्रामबागवाड्यात. मेजर कँडी यांनी त्यांना शालजोडी अर्पण केली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा पूना कॉलेजच्या आवारात झाली आणि ती पाहावयास लोकांची मोठी गर्दी लोटली. पेशव्यांनी आपल्या विश्रांतीसाठी बांधविलेल्या चौकात, वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांच्या पाठशाळेत, फुल्यांच्या शाळेतील मुली परीक्षेला बसल्या. या वाड्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना कोणती, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखिका याच घटनेकडे बोट दाखवील. बाजीरावांच्या वास्तव्याशी निगडित असलेली एकही घटना तिच्या जवळपास येत नाही.

आगीची वर्षे

लाकडी वास्तूंच्या इतिहासात आग हा जणू एक स्वतंत्र अध्यायच असतो. १८२० च्या सुमारास शुक्रवारवाडा जळाला. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्यास आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटविण्यात आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने त्या वेळी सरकार हवालदिल झाले होते. संशयाची सुई न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सरकारी नोकरीतील माणसाकडेही वळली आणि त्यांची धुळ्यास बदली झाली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या दिवसांविषयी लिहिले आहे. जाळपोळीबद्दल पुढे ज्याला शिक्षा झाली तो इसमही योगायोगाने रानडे आडनावाचाच होता.

आता एक फरक पाहण्यासारखा आहे. शुक्रवारवाडा गेला तो गेला. शनिवारवाड्याचे तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा राहिले, आतील लाकडी इमले मात्र पुन्हा कोणी बांधले नाहीत. आज तेथे जोती आणि कारंज्यांची हौद तेवढी दिसतात. बुधवारवाडाही पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाडा मात्र दुरुस्त झाला आणि त्या दुरुस्तीस लोकवर्गणीचाही हातभार लागला. असे का व्हावे?

वापरात असलेली वास्तू टिकते, असे एक सोपे उत्तर जतनाच्या चर्चेत नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. आग लागली तेव्हा शनिवारवाडाही रिकामा नव्हता. इंग्रजी अमलात तेथे तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ अशा गोष्टी होत्या. बुधवारवाड्यातही सरकारी कामकाज चाले. परंतु तुरुंग जळाला म्हणून शहराला हळहळ वाटत नाही, सरकार दुसरीकडे तुरुंग बांधते. विश्रामबागवाड्याशी पुण्यातील शिकलेल्या दोन पिढ्यांच्या आठवणी जोडल्या गेल्या होत्या. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी येथे पहिला वर्ग भरला होता. त्या वाड्यासाठी वर्गणी काढणाऱ्या लोकांच्या डोळ्यांपुढे पेशवा किती होता आणि आपली शाळा किती होती, हे मोजता येणार नाही. तरी दुसरीचे पारडे हलके नसावे, असे मानावयास जागा आहे.

१८७९ नंतरच्या या दुरुस्तीमुळे ‘मूळ’ या शब्दाचा गुंता आणखी वाढतो. आज आपण जो वाडा पाहतो त्यात १८०७ चे लाकूड आहे, तसेच आगीनंतरच्या दुरुस्तीचेही आहे, आणि त्यानंतर विसाव्या शतकात पालिकेच्या ताब्यात आल्यावर वेळोवेळी बदललेलेही आहे. ही सरमिसळ हा दोष मानावयाचा काय?

डागडुजी, जीर्णोद्धार आणि जतन

मराठीत या विषयासाठी तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे अर्थ भिन्न आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हाळी साफ करणे, गळके पाट बदलणे, ही डागडुजी. मोडकळीस आलेले देऊळ उतरवून त्याच जागी नवे बांधणे, हा जीर्णोद्धार. त्यात जुने ठेवण्यापेक्षा नवे भव्य करण्यात पुण्य मानले जाते आणि देवस्थानाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. जतन ही तिसरी गोष्ट होय. जुन्या वस्तूचा पुरावा म्हणून असलेला गुण कायम ठेवून तिचे आयुष्य वाढविणे, हा त्याचा हेतू असतो. आपल्याकडे कामाच्या फलकावर पुष्कळदा जतन असे लिहिलेले असते, कंत्राट जीर्णोद्धाराचे असते आणि वास्तूला खरी गरज डागडुजीची असते.

लाकडी वास्तूचे आजार मुख्यतः पाण्यातून उद्भवतात. फुटक्या कौलातून आलेले पाणी तुळईच्या भिंतीत रोवलेल्या टोकाशी मुरते आणि ते टोक आतून कुजते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते. खांबाच्या तळाशी ओल चढली की वाळवी येते. पक्क्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण बाहेरचा कोवळा भाग ती सोडत नाही. यावर जुना उपाय असा की खांबाला तात्पुरता आधार देऊन कुजलेला तळचा भाग कापावयाचा आणि तेवढाच नव्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधावयाचा. सबंध खांब बदलण्याची गरज क्वचितच पडते. परंतु सांधा घालणारा सुतार मिळविण्यापेक्षा सबंध खांब बदलणे कंत्राटदाराला सोयीचे जाते, आणि मोजमाप-पुस्तिकेतही नव्या लाकडाची नोंद करणे सोपे असते. कौशल्याचे मोल कोणत्या रकान्यात भरावयाचे, हा प्रश्न सार्वजनिक बांधकामाच्या पद्धतीने अद्याप सोडविलेला नाही.

दुसरा धोका सिमेंटचा आहे. चुन्याचे काम श्वास घेते, असे गवंडी म्हणतात, आणि ते केवळ लाक्षणिक नाही. चुन्याच्या दर्जेतून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते, सिमेंटच्या गिलाव्याखाली ती कोंडते आणि लाकडाकडे वळते. विसाव्या शतकात वाड्यांच्या दुरुस्त्या सरसकट सिमेंटने झाल्या आणि पुष्कळ तुळया त्यातच गेल्या. त्यामुळे पेशवेकालीन वाड्याच्या जतनाचा पहिला टप्पा बहुधा आधीच्या दुरुस्त्या उकलण्याचा असतो. घाणीत मळलेला, मुरविलेला चुना पुन्हा तयार करावा लागतो. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची जुनी रीतही काही ठिकाणी पुन्हा आली आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या प्रश्नांचा विचार झालेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. तर्काने रचना करण्याची वेळ आली की पुनःस्थापना थांबवावी, आणि वास्तूत सर्व काळांनी घातलेली योग्य भर आदराने राखावी. मात्र या सनदेमागे युरोपातील दगडी वास्तू प्रामुख्याने होत्या. लाकडी मंदिरांचे भाग शतकानुशतके बदलत आलेल्या जपानसारख्या देशाला तिची चौकट अपुरी वाटणे स्वाभाविक होते. १९९४ च्या नारा येथील दस्तऐवजाने अस्सलपणाचा विचार त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात करावा, असे मान्य केले. पुढे १९९९ मध्ये मेक्सिको येथे लाकडी वास्तूंसाठी स्वतंत्र तत्त्वे स्वीकारली गेली आणि २०१७ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या अधिवेशनात त्यांची सुधारित आवृत्ती संमत झाली. १९९९ च्या तत्त्वांतील एक बारीकशी सूचना मला फार मोलाची वाटते. नवा घातलेला लाकडी भाग जुन्याच जातीच्या लाकडाचा आणि जुन्याच पद्धतीने घडविलेला असावा, पण त्यावर न खुपणारी अशी खूण कोरून किंवा डागून ठेवावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो ओळखता येईल.

आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन वाडा पाहावयास गेलो असता एका विद्यार्थिनीने नेमके हेच विचारले होते. यातला पेशव्यांच्या वेळचा खांब कोणता आणि नंतरचा कोणता? मला उत्तर देता आले नाही. सर्व खांबांना एकच चकचकीत पॉलिश होते. पाहणाऱ्याला सुंदर वाटावे म्हणून केलेली ती सारवासारव इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र निरुत्तर करते.

सार्वजनिक वापराची किंमत

वाडा सार्वजनिक वापरात आणावयाचा म्हणजे काय करावयाचे, याविषयी आपल्याकडे फार ढोबळ बोलले जाते. संग्रहालय करा, असे सर्वजण म्हणतात. नगरपालिकेच्या ताब्यात आल्यानंतर विश्रामबागवाड्यात कित्येक वर्षे पालिकेचे कामकाज चालले. १५ फेब्रुवारी १९५० रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुख्य कचेरी शिवाजीनगरला गेली. शासकीय विभागीय ग्रंथालयही दीर्घकाळ येथे होते. कचेरी आणि ग्रंथालय या दोन्हींचा लाकडी जमिनीवर पडणारा भार घरगुती वापराच्या कितीतरी पट असतो. दप्तरांनी भरलेली कपाटे आणि पुस्तकांच्या मांडण्या एका रांगेत एकाच कडीवर आल्या की ती वाकते. त्याशिवाय विजेच्या तारा येतात. जुन्या लाकडावरून ओढलेल्या तारा हे लाकडी वास्तूंना लागणाऱ्या आगींचे एक मोठे कारण आहे. जाड सागवानी खांब आगीत चटकन कोसळत नाही. बाहेरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ राखतो. कडीपाटाच्या पातळ फळ्यांची गोष्ट मात्र तशी नाही.

तथापि लोक नकोत म्हणून वाडा कुलूपबंद ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. बंद वाड्यात गळके कौल कोणाच्या लक्षात येत नाही. पाहणी करणारा अभियंता वर्षातून एकदा येतो, टपाल कार्यालयातील कारकून रोज येतो आणि टेबलावर पाणी ठिबकले की तक्रार करतो. वाड्यात टपाल कार्यालय असणे काही वारसाप्रेमींना खटकते. माझ्या मते जतनाच्या दृष्टीने ते उपकारकच होते. मनीऑर्डर करावयास येणारा माणूस तिकीट काढून इतिहास पाहावयास येत नाही, तो वाड्याचा रोजचा वहिवाटदार असतो.

एरवी पुण्यातील वाड्यांची गत काय झाली, हे सर्वांसमोर आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील शेकडो घरे पाडली. गोठविलेल्या भाड्यांमुळे मालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली आणि भाडेकरूने ती करावी अशी अपेक्षाही रास्त नव्हती. पुढे जागेचे भाव चढले, आणि वाड्यापेक्षा वाड्याखालची जमीन मोलाची ठरली. या एकाच कारणाने जेवढे वाडे गेले तेवढे आगीत गेले नसतील.

विश्रामबागवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर बुधवार पेठेत भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी दीर्घकाळ चालली, मालकी आणि गाळेधारकांचे दावे न्यायालयात अडकले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा मोकळी करण्याकरिता तो पाडण्यात आला. वाडा तोपर्यंत अत्यंत मोडकळीस आला होता आणि धोकादायक झाला होता, हे खरे. जागा लोकांच्या ताब्यात आली, हेही मोठे यश होय, आणि ते मिळविण्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांना उणे लेखण्याचा येथे हेतू नाही. तरी इतिहासाच्या अभ्यासकाला एक विचार अस्वस्थ करतो. पेशव्यांचा वाडा देखणा होता म्हणून त्याच्या प्रत्येक हस्ताची निगा राखली गेली. फुल्यांच्या शाळेचा वाडा साधा होता, त्याला ना सुरूचे खांब ना केळफुलाचे हस्त, म्हणून तो दीडशेहून अधिक वर्षे कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. कोरीवकाम हीच ऐतिहासिक महत्त्वाची खूण, असे मानण्याची ही किंमत आहे.

साताऱ्यात याचे दुसरे टोक दिसते. प्रतापसिंह महाराजांच्या काळातील तेथील जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेत भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. छत्रपतींचा राजवाडा म्हणून आणि बाबासाहेबांची पहिली शाळा म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी लोक त्या लाकडी खांबांकडे पाहतात. तेथील राजवाड्याचे जतन करताना यांपैकी कोणते वर्ष ‘मूळ’ धरावे, असा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण दोन्ही गोष्टी लोकांना ठाऊक आहेत.

विश्रामबागवाड्यात तसे झालेले नाही. या वाड्याच्या परिचयात बाजीरावांचे नाव नेहमी अग्रभागी येते. पाठशाळेचा उल्लेख येतो तोही एखाद्या ओळीत. १८५२ च्या सत्काराची आठवण फुले-साहित्याच्या वाचकांना असते, वाडा पाहावयास येणाऱ्यांना सहसा नसते. यासाठी वाड्यात फार मोडतोड करण्याची गरज नाही. पुढील टप्प्यांत जे लाकूड बदलले जाईल त्यावर वर्षाची खूण डागली जावी. आजवर काय बदलले याचा खणवार तक्ता पालिकेने तयार करून वाड्यातच ठेवावा. आगीनंतरच्या दुरुस्तीचा निदान एक भाग पॉलिशशिवाय, आहे तसा उघडा ठेवावा. आणि १८५३ च्या फेब्रुवारीत परीक्षा पाहण्यास लोटलेली गर्दी या आवारात उभी होती, हे सांगणारी एक पाटी चौकात लावावी. खणवार तक्ता करण्याचे काम इतिहास आणि स्थापत्य या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना मिळून करता येईल. तीन चौकांच्या वाड्यातील खांब मोजून, मापून, त्यांचे सांधे टिपून नकाशावर चढविण्यास एक उन्हाळ्याची सुटी पुरावी.